काळ्या कड्याचा चार्ज

एका जंगलात एक राजा होता, अशी सुरुवात मी करणार नाही. राजा काय, सगळ्याच जंगलांत असतो. या जंगलात एक कडा होता. गोष्ट त्या कड्याची आहे.

बसा नीट. मागच्या त्या दोघांनी कुजबुज बंद करा. गोष्ट लहान मुलांची आहे. मोठ्यांनी ऐकली तरी चालेल, फक्त मनावर घेऊ नये.

आधी मला सांगा, तुमच्या घरी संगणक आहे ना? तो चालू होताना कधी नीट बघितलाय? आधी काळ्या पडद्यावर ढोबळ पांढरी अक्षरं येतात. मग क्षणभर सगळा पडदा काळा. मग रंगीत चित्र उमटतं आणि तुम्ही खेळायला बसता. त्या मधल्या काळ्या क्षणात आत काय चालतं, ठाऊक आहे? पडदा चालवणारा बदलतो. त्याला तिथे ड्रायव्हर म्हणतात, गाडी येत नसली तरी. पहिला ड्रायव्हर अगदी साधा. कुठलाही पडदा हाती द्या, वेडंवाकडं का होईना, काहीतरी दाखवतो. दुसरा खास त्याच पडद्यासाठी शिकून आलेला. दुसरा आला की पहिल्याला उठवतात.

आणि कधीकधी तो काळा क्षण संपतच नाही. बाबा खोक्यावर थापट्या मारतात. आई म्हणते, बंद करून पुन्हा चालू करा. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आपल्याला जंगलात जावं लागेल. चला.

जंगलाच्या मधोमध तो कडा होता. काळाकुळकुळीत, सपाट आणि चांगला उंच. कुठल्याही कोपऱ्यातून दिसायचा. त्याच्यावर रानाची रोजची खबर काढली जायची. पाणी कुठे उरलंय, शिकारी कुठल्या वाटेने शिरलेत, वणवा कुठून येतोय. कड्यावर काहीच नसलं तर समजायचं की आज सगळं ठीक आहे. रानात तशी म्हणच होती. कडा कोरा, खुशाल घोरा.

ही खबर काढायचा एक डोमकावळा. त्याचं नाव डोमा. चुनखडीचा खडा चोचीत धरायचा आणि फराफरा पांढऱ्या रेघा ओढायचा. माकडं म्हणायची, ती चुनखडी नव्हेच, कावळ्याने ते दुसऱ्याच मार्गाने... हसू नका रे. चुनखडीच होती.

चित्रकलेच्या नावाने मात्र बोंब होती. डोमाने हरीण काढलं की खाट वाटायची. वाघ काढला की तीही खाटच, फक्त पट्ट्यापट्ट्यांची. पण वणव्याची त्याची खूण एकदम सोपी. तीन जाड उभ्या रेघा, आणि ज्या बाजूने आग येतेय तिकडून एक बाण. बस्स. नुकतं जन्मलेलं पाडससुद्धा ती खूण बघून पळायला लागायचं.

याच रानात खवली राहायची. खवली म्हणजे खवले मांजर. तुम्ही पाहिलं नसेल. नाव मांजर, पण मांजराशी काडीचा संबंध नाही. अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक खवले, लांब जाड शेपूट, तोंडात एक दात नाही, आणि खायला मुंग्या. स्वभावाने गरीब. कुणी अंगावर आलं की ती पळत नाही, भांडत नाही. अंगाचा गोळा करते आणि संकट जायची वाट बघते. बिबट्या आला, गोळा केला. तरस आलं, गोळा केला. आजवर तिचं भागलं होतं.

फक्त वणव्यापुढे गोळ्याचं काही चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिची आई तशीच गेली होती.

आणि आता तिला पिल्लू होतं. त्याचं नाव गुंडू. दीड महिन्याचं. खवले मांजराचं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं, ते आणि एक. खवलीच्या बिळापासून ओढा हरणाला घटकाभराचाही नव्हता. खवली दुपारची निघाली तर दिवेलागणीला पोचायची. शेपटीवर गुंडू असला की त्याहून उशीर. ओढ्यापलीकडे वणवा येत नसे. म्हणून ती दिवसा झोपायची खरी, पण झोपेतून दोन-तीनदा उठून बिळातून डोकं काढायची आणि कड्याकडे बघायची. तिची नजर अधू. बारीकसारीक काही दिसायचं नाही. डोमाच्या त्या जाड रेघा तेवढ्या दिसायच्या.

कोरा दिसला की म्हणायची, "नीज रे गुंड्या. आज काही नाही."

आता महाराजांकडे या. वाघ महाराज. त्यांना डोमाच्या चित्रांची फार लाज वाटायची. शेजारच्या जंगलातला कडा म्हणे रंगीत होता. तिकडचे पाहुणे आले, त्यांनी आमच्या कड्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही पट्ट्यांची खाट कुणाची?" महाराज त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. कड्यासाठी शिकलेला चित्रकार बोलवा.

मिळाले धनेशराव. धनेश पक्षी, माहीत आहे ना? हातभर चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. उडताना पंखांचा असा आवाज की खालच्या लोकांनी आपोआप उठून उभं राहावं. खास काळ्या कड्यावर काढायचं शिक्षण घेतलेले. त्यांनी काढलेलं हरीण म्हणे इतकं खरं दिसायचं की कोल्हे कड्याला चाटायला यायचे.

सगळ्या कामाची कागदपत्रं बघायचे साळिंदर भाऊसाहेब. मोठे नियमाचे. लेखणी शोधायला त्यांना कधी जावं लागलं नाही. पाठीत हात घातला की निघाली. कागद म्हणून पळसाची पानं.

आणि भाऊसाहेबांचा एक नियम होता. एका कड्याला एकच चोच.

उगाच नावं ठेवू नका, नियम चांगलाच होता. फार पूर्वी दोन पक्ष्यांनी एकाच वेळी कड्यावर काढायला घेतलं होतं. एकाने पाणवठा काढला. दुसऱ्याने नेमका त्याच जागी वाघ. झालं काय, तर पाण्यात वाघ बसलेला दिसायला लागला. तीन दिवस एकही जनावर पाण्याला गेलं नाही. खुद्द महाराजही गेले नाहीत. म्हणाले, तिथे आधीच कुणीतरी वाघ बसलाय.

तेव्हापासून हे ठरलं. नवा यायचा तर आधी जुन्याला उठवायचं. त्याने कडा पुसून कोरा करायचा. मग नव्याने बसायचं. पळसाच्या पानावर तीन रकाने होते. जुना उठला काय? कडा कोरा झाला काय? नवा बसला काय? तिन्हीपुढे "होय" लिहिलं की चार्ज झाला.

नव्याला काढता येतंय काय, असा चौथा रकाना नव्हता. पानावर जागाच नव्हती. भाऊसाहेबांची सही मोठी होती.

चैत्र लागला होता. गवत वाळून कुरकुरीत झालं होतं. भर दुपारी डोमा सागाच्या शेंड्यावर बसला होता, तेव्हा त्याला पळसदऱ्याच्या पलीकडे धूर दिसला. आधी एक बारीक रेघ. मग रेघ रुंद झाली. वारा अजून उलटा होता, त्यामुळे रानात कुणालाच वास आला नव्हता. डोमाने चुनखडी उचलली आणि कड्यावर झेप घेतली. एक रेघ मारली. दुसरी मारली.

"डोम्या, खाली ये!"

खाली भाऊसाहेब उभे होते, पान आणि लेखणी घेऊन. त्यांच्यामागे धनेशराव. आणखी मागे चार माकडं, हार घेऊन.

"आलो भाऊसाहेब. एक रेघ राहिली आणि बाण. वणवा निघालाय."

"आधी चार्ज दे. साहेब उन्हात उभे आहेत."

"अहो, एक रेघ!"

"कशाला उगाच? साहेब आता रंगीत काढतील. तुझ्या रेघा हव्यात कुणाला?"

डोमा खाली उतरला. त्याने धनेशरावांकडे बघितलं, त्यांच्या रिकाम्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, रंग आणलेत ना?"

धनेशराव हाराकडे बघत होते. त्यांच्या वतीने भाऊसाहेब बोलले. "तो तुझा प्रश्न नाही."

"नाही, मी म्हणतो, यांनी आधी एक रेघ ओढून बघावी. बाजूच्या दगडावर. जमलं की मी उठतो. तोवर माझ्या दोन रेघा राहू द्या."

"म्हणजे दोन चोची?" भाऊसाहेबांचे काटे उभे राहिले. "पाण्यातला वाघ विसरलास काय?"

"एकाच वेळी नका काढू हो. आधी त्यांची तयारी होऊ दे, एवढंच म्हणतोय."

"नवा आला म्हणजे तयारच असतो. म्हणून तर त्याला नवा म्हणतात. पूस तो कडा."

डोमाने पुसला. काय करणार? ओल्या शेवाळ्याचा बोळा घेतला आणि आपल्याच दोन रेघा पुसल्या. कडा स्वच्छ काळा झाला. भाऊसाहेबांनी पहिल्या रकान्यात "होय" लिहिलं, दुसऱ्यात "होय" लिहिलं. धनेशराव उडून कड्याच्या कपारीत बसले. तिसरा "होय". माकडांनी टाळ्या वाजवल्या. हार धनेशरावांच्या गळ्यापर्यंत पोचेना, शिंगातच अडकला.

मग सगळे थांबले. आता साहेब काढणार.

साहेब काढेनात.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी खालून विचारलं.

"रंगांची पेटी मागून येतेय," धनेशराव म्हणाले. "जुन्या ठिकाणी राहिली. माकड घेऊन निघालंय."

"मग तोवर चुनखडीने काढा."

"मी? चुनखडीने?" धनेशरावांनी मान इतकी वर केली की हार खाली पडला. "मी रंगीत आहे, भाऊसाहेब. चुनखडी माझ्या चोचीत बसत नाही. तसं शिकवलेलंच नाही आम्हाला."

डोमा पुढे झाला. "मग मी बसतो ना तोवर. वणवा आहे हो!"

"तू चार्ज सोडलास," भाऊसाहेब म्हणाले. "एकदा उठलेला परत बसत नाही. बसायचं असेल तर नवा अर्ज कर."

"करतो. कुठे द्यायचा?"

"अर्ज कड्यावर लावतात."

"आणि कड्यावर लावणार कोण?"

"ज्याच्याकडे कडा आहे तो."

सगळ्यांनी धनेशरावांकडे बघितलं. धनेशराव म्हणाले, "रंग येऊ द्या, पहिला तुमचाच अर्ज लावतो." तसा माणूस वाईट नव्हता. पक्षी.

"मग तुम्हीच तक्रार करा ना भाऊसाहेब," डोमा कळवळून म्हणाला. "महाराजांना सांगा, कडा बंद पडलाय म्हणून."

"तक्रारही कड्यावरच लिहायची असते. महाराज फक्त कड्यावरचं वाचतात. तोंडी सांगितलं तर ती कुजबुज होते." भाऊसाहेबांनी पान घडी करून काट्यांत खोचलं. "साहेब, आपली रंगांबद्दल काही तक्रार असेल तर कड्यावर लिहा."

"लिहायला रंग नाहीत, हीच तक्रार आहे."

"हरकत नाही. रंग आले की लिहा."

आणि भाऊसाहेब जेवायला गेले. डोळे कसले मोठे करताय? तुमचे आमचे भाऊसाहेबही दुपारी जेवायला जातातच.

तिकडे महाराजांनी गुहेतून कड्याकडे नजर टाकली. कडा कोरा. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. महाराजांना भरून आलं.

"बघा, बघा! नवा माणूस आला आणि पहिल्याच दिवशी रानात एक संकट नाही. त्या कावळ्याच्या काळात रोज काहीतरी असायचंच. आज शिकारी, उद्या दुष्काळ. मला संशय होताच की हे सगळं तोच आणतो." त्यांनी धनेशरावांच्या सत्काराचा हुकूम दिला आणि पंजांवर डोकं ठेवून झोपले.

डोमा कुठे गेला? तो थेट खवलीच्या बिळाशी गेला. बाकीच्यांना पाय होते, पंख होते. आग दिसल्यावर पळाले असते तरी वाचले असते. एकटी खवली अशी होती की तिला आत्ताच निघायला हवं होतं.

"खवलीताई! ताई, ऊठ! पळसदऱ्यापलीकडे वणवा लागलाय. गुंडूला घे आणि ओढ्याकडे नीघ."

खवली बाहेर आली. तिने डोळे बारीक केले आणि कड्याकडे बघितलं. काळा. तिने पुन्हा बघितलं.

"कोरा आहे की रे डोमभाऊ."

"कोरा आहे कारण मला उठवलंय. मी दोन रेघा मारल्या होत्या, पुसायला लावल्या."

"पण नवे आलेत ना? बसलेलं दिसतंय कायतरी कपारीत."

"बसलेत. पण त्यांच्याकडे रंग नाहीत."

खवलीला हे पटेना. तुम्हीच सांगा, कसं पटावं? एवढा शिकलेला पक्षी, एवढ्या लांबून बोलावलेला, हार घातलेला, त्याच्याकडे रंग नाहीत? आणि हे सांगतोय कोण, तर आज दुपारी नोकरी गेलेला कावळा. खवली स्वभावाने गरीब होती. तिला डोमाचं वाईट वाटलं. तिला वाटलं, बिचाऱ्याच्या मनाला लागलंय.

"डोमभाऊ, असं करू नये," ती हळूच म्हणाली. "नव्या माणसाला थोडा वेळ द्यावा. खरंच वणवा असता तर त्यांनी काढला नसता का?"

"ताई, गळ्याशपथ सांगतो!"

"मी लक्ष ठेवते ना कड्यावर. काही दिसलं की लगेच निघते. पोर आत्ताच झोपलंय रे."

डोमाने तिला चोच मारून बघितली. खवल्यांवर चोच काय लागणार? खवलीने सवयीने गोळा केला. मग तो झाडाझाडावर बसून ओरडत सुटला. रानातली जनावरं म्हणाली, "काय करील बिचारा? पदाची सवय वाईट." एक सांबर म्हणालं, त्याच्या आजोबांचंही उतारवयात असंच झालं होतं.

खवली बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. गुंडू शेपटीच्या बुडाशी झोपला होता. ती कड्याकडे बघत होती. डोळ्यांना पाणी यायला लागलं तरी बघत होती. एकदाही तिने मान वळवली नाही. मला या गोष्टीत राग येतो तो इथे, मुलांनो. ती निष्काळजी नव्हती. सांगितलं होतं तिथेच ती बघत होती.

उन्हं कलली तेव्हा वारा फिरला. वास आला. खवलीने नाक वर केलं, आणि तिला तिची आई आठवली. पुढचं सगळं ती विचार न करता करत गेली. गुंडूला शेपटीवर घेतलं, आणि चालायला लागली. मागचे पाय टाकत, पुढच्या नख्या मुडपून, जसं खवले मांजर चालतं तसं. याहून भरभर तिला येत नव्हतं. हरणं शेजारून गेली. रानडुकरं गेली. सांबर गेलं. ओढा गाठायला त्यांना घटकाही लागली नाही. डोमा डोक्यावर उडत होता आणि सांगत होता, "डावीकडून ताई, डावीकडून. आता सरळ. थांबू नकोस."

"किती राहिलं रे?"

"थोडं राहिलं." थोडं नव्हतं. अर्धं राहिलं होतं.

"आई, गरम लागतंय," गुंडू म्हणाला.

खवली थांबली. तिने मागे बघितलं. एवढं मोठं असल्यावर तिच्या नजरेलाही दिसलं. तिने गुंडूला शेपटीवरून पोटाशी ओढलं, भोवती अंग गुंडाळलं, वरून शेपूट गुंडाळली, आणि गोळा केला.

वणवा तिच्यावरून पुढे गेला. ओढ्याशी जाऊन थांबला.

गवताची आग फार वेळ टिकत नाही. जमीन निवायच्या आत डोमा खाली उतरला. गोळा तिथेच होता, घट्ट. त्याने खूप हाका मारल्या. शेवटी चोचीने एकेक खवला उचकटत त्याने शेपूट सोडवली. आत गुंडू होता. धुराने डोळे चुरचुरत होते, बाकी त्याला काही झालं नव्हतं. खवली गेली होती.

"आई झोपलीय," गुंडू म्हणाला.

डोमाने गुंडूला वारुळाकडे नेलं. कावळा आणि मुंग्या खाणारं पोर, कसं जमवलं असेल ते त्याचं त्याला माहीत.

चौकशी झाली. होणारच. चौकशी झाली नाही असं त्या जंगलात कधी झालं नव्हतं. महाराज स्वतः बसले.

"कडा का कोरा होता?"

भाऊसाहेबांनी पळसाचं पान उलगडलं. "कडा कोरा करूनच द्यायचा असतो, महाराज. हे बघा, दुसरा रकाना. होय."

"नवा माणूस बसला होता?"

"तिसरा रकाना. होय."

"त्याची काही तक्रार होती?"

"कड्यावर तरी नव्हती."

महाराजांनी मान डोलावली. इतका स्वच्छ कारभार त्यांनी बरेच दिवसांत पाहिला नव्हता. तेवढ्यात झाडावरून डोमा बोलला. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"महाराज, एक मागणं आहे. मला परत बसवू नका. पण यापुढे नवा आला की आधी त्याची पेटी उघडून बघा. त्याला एक रेघ मारायला सांगा. मारता आली, की त्याच क्षणी जुन्याला उठवा. नाही आली, तर जुना असू द्या जागेवर. वेडंवाकडं काढील, पण काढील. खवलीताईला तेवढं पुरलं असतं."

महाराज विचारात पडले. मग भाऊसाहेब खाकरले.

"महाराज, बोलणं गोड आहे. पण याचा अर्थ काय होतो बघा. नवा येऊन उभा राहिला तरी त्याची परीक्षा घ्यायची. म्हणजे आपण निवडलेल्यावर आपलाच विश्वास नाही. आणि तोवर जुना जागेवर बसून मजा बघणार. उद्या तो म्हणेल, बघा, माझ्यावाचून अडतं. असल्याने शिस्त राहील काय?"

महाराजांना ते पटलं. सिंहासनाच्या बाबतीत हा कावळ्याचा नियम कुणी लावला तर काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं असेल. ते बोलले मात्र नाहीत.

नियमात एकच सुधारणा झाली. जुन्याने कडा नुसता पुसायचा नाही, यापुढे धुऊन द्यायचा.

आठव्या दिवशी रंगांची पेटी आली. वरातीमागून घोडं, पण आलं. आणि खरं ते सांगितलं पाहिजे, धनेशरावांच्या चोचीत जादू होती. त्यांनी पहिलं चित्र काढलं ते खवलीचं. महाराजांनीच तसं सांगितलं होतं. सबंध कडाभर खवली. एकेक खवला सोन्याच्या रंगात, प्रत्येक खवल्याच्या कडेला उन्हाची बारीक रेघ. डोळे पाणीदार. मागे हिरवंगार रान, जसं आता कुठेच उरलं नव्हतं. सगळं जंगल बघायला लोटलं. माकडं रडली. शेजारच्या जंगलाचे पाहुणे आले आणि म्हणाले, असा कडा आमच्याकडेही नाही. महाराज त्या दिवशी पोटभर जेवले.

गुंडूला मानाने पुढे बसवलं होतं. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे काटे सांभाळून जेवढा ठेवता येतो तेवढा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बघ बाळ, कोण आहे?"

गुंडूने बराच वेळ बघितलं. मान तिरकी करून बघितलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून त्याने घाईघाईने सांगितलं, "पण छान आहे. माझी आई उठली की तिला पण दाखवा."

टाळ्या थांबल्या नव्हत्या, त्यामुळे फारसं कुणाला ऐकू गेलं नाही.

तात्पर्य: नवा आला की जुन्याला आधी उठवावे, एक घटकाही थांबू नये. नव्याला काम जमले तर उत्तमच. नाही जमले, तरी तसे लिहायची जागा त्याच्याच ताब्यात असते. म्हणून अशा राज्यात कधीच काही बिघडत नाही.